दुकान तुमचं, पत्ता दुसऱ्याच्या नावावर? नकली वेबसाइटपासून कारोबार असा वाचवा

शेवगावच्या बाजारपेठेत एखादं दुकान शोधायचं असेल तर कुणी पाटी वाचत बसत नाही. "क्रांती चौकातून आत जा आणि अमक्या चाचांचं दुकान विचारा," एवढं सांगितलं की माणूस बरोबर पोचतो. शेजारच्या गाळ्यात कुणी तसलीच पाटी लावली तरी जुनं गिऱ्हाईक फसत नाही, कारण गल्ल्यावर बसलेला चेहरा ओळखीचा असतो.

मोबाईलवर मात्र चेहरा दिसत नाही. तिथे फक्त नाव दिसतं, आणि त्या नावावर विश्वास ठेवून पुण्यात, मुंबईत किंवा आखातात राहणारा आपलाच माणूस पैसे पाठवतो. ते नाव दुसऱ्याच कुणी घेऊन ठेवलं असेल तर पैसे त्याच्या खात्यात जातात आणि शिव्या मात्र आपल्याला मिळतात.

शेवगाव तालुक्याला हे वेगळं सांगायला नको. शेअर मार्केटच्या नावाने बुडालेल्या पैशांच्या तक्रारी इथल्या घराघरांत ऐकल्या गेल्या आहेत. एकदा भरोसा उडाला की लोक इमानदार दुकानदाराकडेही संशयाने बघतात. म्हणून वेबसाइटच्या नावाचा हा विषय फक्त मोठ्या कंपन्यांचा आहे, असं आम्हाला वाटत नाही. मसाले, अत्तर, कापड, बेकरी, मोबाईल दुरुस्ती किंवा उमराहच्या सहली, ज्यांचं नाव चार लोकांत चालतं त्या सगळ्यांचा हा विषय आहे.

एक उदाहरण धरून चालू

समजा, एका कुटुंबाचा मसाल्यांचा धंदा आहे. समजण्यापुरतं त्याला 'नूरानी मसाले' म्हणू. अब्बांनी पंचवीस वर्षांपूर्वी चक्की टाकली, अम्मी आणि खालाने मसाल्याचं प्रमाण बसवलं. आता मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेतो. कुणीतरी सुचवतं, "भाईजान, वेबसाइट काढा." मुलगा नाव शोधायला जातो तर 'नूरानी मसाले डॉट कॉम' आधीच घेतलेलं असतं. काही महिन्यांनी एका जुन्या गिऱ्हाईकाचा फोन येतो, "तुमच्या साइटवर दोन हजार भरले, माल आला नाही." साइटवर याच दुकानाचे फोटो, हाच लोगो, फक्त खाली दिलेला नंबर वेगळा.

हे कसं घडू शकतं, ते आधी समजून घेऊ.

नाव विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं

वेबसाइटच्या पत्त्याला 'डोमेन नेम' म्हणतात. लोक म्हणतात, "मी डोमेन विकत घेतलं." खरं तर ते ठराविक मुदतीसाठी आपल्या नावावर नोंदवलेलं असतं. मुदत एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत घेता येते. ती संपली आणि नूतनीकरण केलं नाही, तर सवलतीचे काही आठवडे गेल्यावर ते नाव पुन्हा खुलं होतं आणि कुणीही घेऊ शकतं.

दुसरी गोष्ट म्हणजे नाव देताना कुणी तपासणी करत नाही. ज्या कंपन्या अशी नावं नोंदवून देतात त्यांना 'रजिस्ट्रार' म्हणतात. त्यांचं काम संगणकावर आपोआप चालतं. जो आधी मागेल आणि पैसे भरेल, त्याला नाव मिळतं. "हे नाव शेवगावच्या दुकानाचं आहे का?" असं विचारणारा माणूस तिथे बसलेला नसतो. २०२० मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हर कंपनी तिच्या नावाच्या बनावट साइटविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. तेव्हा न्यायालयानेही हीच गोष्ट नोंदवली, की ही नोंदणी माणसाच्या हाताशिवाय यंत्राने होते. त्याच वर्षी अमूलच्या नावाने 'फ्रँचायझी देतो' म्हणून पैसे उकळणाऱ्या साइटविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही गत, तर तालुक्याच्या दुकानाची राखण कोण करणार? ती आपल्यालाच करायची आहे.

एका अक्षराचा फरक आणि मुंबईचा निकाल

आपल्या राज्यातला या विषयावरचा गाजलेला खटला १९९९ सालचा आहे. मुंबईची 'रेडिफ' ही कंपनी तेव्हा इंटरनेटवर नाव कमावत होती. दुसऱ्या एका कंपनीने 'रॅडिफ डॉट कॉम' हे नाव घेतलं. इंग्रजीत लिहिलं तर फक्त 'ई'च्या जागी 'ए'. न्यायालयात त्यांनी सांगितलं की हा शब्द आम्ही 'रॅडिकल', 'इन्फर्मेशन', 'फ्युचर' आणि 'फ्री' या चार इंग्रजी शब्दांच्या सुरुवातीच्या अक्षरांपासून बनवला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने हे मानलं नाही. रेडिफच्या नावलौकिकाचा फायदा घेण्यासाठीच हे नाव निवडलं, असं म्हणत मनाई हुकूम दिला. डोमेन नेम हा नुसता पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं.

त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात 'याहू'ने 'याहू इंडिया डॉट कॉम' चालवणाऱ्याविरुद्ध मनाई मिळवली. पुढे २००४ मध्ये 'सिफी'चा खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. समोरच्याने एक 'एफ' जादा घालून 'सिफ्फी' नाव घेतलं होतं आणि ते आमच्या पाच प्रवर्तकांच्या आद्याक्षरांपासून बनवलं आहे, असा बचाव केला होता. सर्वोच्च न्यायालयाने निकाल सिफीच्या बाजूने दिला. भारतात डोमेनसाठी वेगळा कायदा नसला तरी दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याला रोखणारा जो जुना कायदा आहे, तो इथेही लागू होतो, असं न्यायालयाने सांगितलं. वकिलांच्या भाषेत याला 'पासिंग ऑफ' म्हणतात.

या निकालांमधून आपल्यासारख्यांनी एक गोष्ट घ्यायची. हे तिघे जिंकले, कारण हे नाव आम्ही आधीपासून वापरतोय आणि लोक आम्हाला या नावाने ओळखतात, हे त्यांना कागदावर दाखवता आलं. तोंडी "सगळा गाव ओळखतो" म्हणून कोर्टात भागत नाही.

आपल्या नावांची एक खास अडचण

आपल्या घरांतली आणि दुकानांची नावं बहुतेक उर्दू, अरबी किंवा मराठी असतात. ती इंग्रजी अक्षरांत एकाच पद्धतीने लिहिली जात नाहीत. साधं 'शेख' घ्या. कुणी 'ए-आय' घालून लिहितो, कुणी 'ई-आय' घालून, कुणी नुसता 'ई' लिहितो. 'नूर'मध्ये कुणी दोन 'ओ' घालतो, कुणी एक 'यू'. 'मसाले'च्या शेवटी कुणी 'ई' लिहितो, कुणी 'ए'. म्हणजे आपण एक स्पेलिंग घेतलं तरी नकलाकारासाठी चार-पाच दरवाजे उघडे राहतात. तो खोटं नाव शोधायलाही जात नाही, आपल्याच नावाचं दुसरं स्पेलिंग घेतो.

शिवाय डोळ्यांना फसवणारी अक्षरं आहेत. इंग्रजी 'ओ'च्या जागी शून्य, लहान 'एल'च्या जागी एक आकडा, 'आर' आणि 'एन' चिकटून लिहिले की 'एम' दिसतो. नावाच्या मध्ये आडवी रेघ टाकली किंवा पुढे 'ऑफर', 'सेल', 'शेवगाव' असं काही जोडलं की नवीन पत्ता तयार होतो.

सगळीच नावं घेत बसू नका, तेवढा खर्च परवडत नाही. आमच्या मते तीन-चार पुरेत. पाटीवर आणि बिलावर जे स्पेलिंग छापता त्याचं 'डॉट कॉम' आणि 'डॉट इन', आणि लोक हमखास चुकून लिहितात त्या स्पेलिंगचं एखादं. जमलं तर देवनागरीतलं 'डॉट भारत'ही घ्या. ऑगस्ट २०१४ पासून मराठीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी ते सुरू आहे. जादा घेतलेली नावं मूळ साइटकडेच वळवून ठेवता येतात. साध्या नावाचा खर्च सहसा वर्षाला हजार रुपयांच्या आसपास असतो. फक्त पहिल्या वर्षाच्या स्वस्त ऑफरला भुलू नका, दुसऱ्या वर्षापासून किती पडेल ते आधी बघा.

आधी घरची कडी लावा

अनेकदा नाव बाहेरचा चोर पळवत नाही, ते घरातूनच निसटतं. वेबसाइट कोण बनवतो? ओळखीचा पोरगा, भाचा, नाहीतर डिझायनर. तो आपल्या ई-मेलवरून, आपल्या नावाने डोमेन नोंदवतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं. पुढे तो नोकरीला बाहेरगावी जातो, फोन बदलतो किंवा पैशांवरून बिनसतं. आणि मग कळतं की कागदोपत्री पंचवीस वर्षांच्या धंद्याचं नाव त्याचं आहे.

म्हणून आजच विचारा, "आपलं डोमेन कुणाच्या नावावर आहे?" त्यात संकोच कसला? जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव बघतो तसंच हे. मालक म्हणून दुकानदाराचं किंवा फर्मचं नाव हवं. ई-मेल आणि मोबाईल नंबर घरचा, कायम चालू राहणारा हवा. पासवर्ड मालकाकडे हवा आणि खात्याला ओटीपीसारखी दुहेरी तपासणी लावलेली हवी. डोमेन दुसरीकडे हलवता येऊ नये म्हणून रजिस्ट्रारच्या खात्यात 'लॉक' असतं, ते चालू ठेवा. मुदत एकदम पाच वर्षांची घेतली तर दरवर्षीची धास्ती नाही. तरीही शेवटची तारीख वहीत लिहून ठेवा, कारण त्या खात्याचा ई-मेल बंद पडला तर आठवणीचं पत्रही येणार नाही.

ट्रेडमार्कचा खर्च आणि फायदा

नावाची सगळ्यात पक्की ढाल म्हणजे ट्रेडमार्क नोंदणी. अर्ज ऑनलाइन करता येतो. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी सरकारी फी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. 'वर्ग' म्हणजे मालाचा प्रकार, असे एकूण ४५ वर्ग आहेत. अर्ज तपासून झाल्यावर नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापलं जातं आणि त्यानंतर चार महिन्यांत कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे वाढवता येते.

याचा एक मोठा फायदा फारसा कुणी सांगत नाही. नोंदलेल्या ट्रेडमार्कचं उल्लंघन झालं तर १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३४ नुसार आपला धंदा जिथे चालतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. म्हणजे फसवणारा दुसऱ्या राज्यात बसलेला असला तरी शेवगावच्या दुकानदाराला त्याच्या गावी चकरा मारायची गरज नाही. नोंदणी नसेल तर 'पासिंग ऑफ'चा रस्ता उघडा असतो, पण तिथे ही सोय नाही आणि पुराव्याचं ओझंही जास्त असतं.

नोंदणी असो वा नसो, एक फाईल करा. सगळ्यात जुनं बिल, दुकान परवाना, जीएसटी आणि उद्यम नोंदणी, अन्नपदार्थ असतील तर त्यांचा परवाना, पाटीचे जुने फोटो, वर्तमानपत्रातली जाहिरात, छपाईची बिलं. तारीख दिसेल असं सगळं. हीच फाईल उद्या आपली साक्षीदार होईल.

गिऱ्हाईकाला शिकवा, पत्ता उजवीकडून वाचायला

वेबसाइटचा पत्ता इंग्रजीत असला तरी तपासायचा उर्दूसारखा, उजवीकडून. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी जे शेवटचं 'डॉट' येतं, त्याच्या लगेच अलीकडचं नाव खरं. बाकी सगळी सजावट. समजा पत्ता असा आहे: 'नूरानीमसाले डॉट कॉम डॉट ईदऑफर डॉट शॉप'. बघणाऱ्याला सुरुवातीला नूरानी दिसतं, पण ही साइट 'ईदऑफर डॉट शॉप' वाल्याची आहे. 'डॉट को डॉट इन'सारखी जोडी असेल तर त्या जोडीच्या अलीकडचं नाव बघायचं.

हीच सवय घरातही कामाला येते. भारत सरकारच्या साइटचा शेवट 'गव्ह डॉट इन' असा असतो आणि तो खासगी माणसाला मिळत नाही. हज कमिटी ऑफ इंडियाची साइटही त्यावरच आहे. उद्यम नोंदणी सरकारी साइटवर मोफत होते, तरी सारख्या नावांच्या खासगी साइट 'फी' म्हणून पैसे घेतात. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 'बँक डॉट इन' हा वेगळा शेवट ठरवला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो.

साइटच्या पत्त्याआधी कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे साइट खरी, हा गैरसमज आहे. मधल्या मधे माहिती कुणी वाचू नये, एवढंच ते कुलूप बघतं. कुलूप चोराच्या घरालाही असतं.

नकली साइट सापडली तर

पहिली गोष्ट, लगेच फोन लावून भांडू नका. तो साइट बंद करेल, पुरावा जाईल आणि उद्या दुसऱ्या नावाने उभा राहील. या क्रमाने चला.

१. प्रत्येक पानाचे फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट घ्या. त्यात पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसू द्या. फोन नंबर, यूपीआय आयडी, बँक खातं जे दिसेल ते टिपा. कोर्टात हे द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ते वकील करून देतील. ज्या मोबाईलवर पुरावा आहे तो फॉरमॅट करू नका.

२. कुणाचे पैसे गेले असतील तर त्याला ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करायला सांगा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायला लावा. पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत ते अडवता आले तर परत मिळण्याची आशा असते. दुकानदाराने स्वतःही सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड नुसार संगणक किंवा मोबाईल वापरून दुसऱ्याचं सोंग घेत फसवणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

३. 'हू-इज' नावाची मोफत शोधसेवा असते. तिथे पत्ता टाकला की नाव कोणत्या रजिस्ट्रारकडे, कधी नोंदलं ते दिसतं. मालकाचं नाव आजकाल बहुतेक लपवलेलं असतं, पण रजिस्ट्रारचा तक्रारीचा ई-मेल मिळतो. तिथे पुराव्यासह लिहा. साइट ज्या कंपनीच्या संगणकावर ठेवली आहे तिलाही लिहा. गूगलकडे फसवी साइट म्हणून कळवता येतं.

४. आपल्या गिऱ्हाईकांना त्याच दिवशी सांगा. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, दुकानातला फलक, बिलाच्या खाली एक ओळ: "आमची साइट हीच, नंबर हाच, पैसे याच खात्यावर." बदनामीच्या भीतीने गप्प बसलात तर फसणाऱ्यांची संख्या वाढते आणि दोष आपल्याकडे येतो.

नाव परत मिळवायचं तर

'डॉट इन' आणि 'डॉट भारत' नावांचा कारभार निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. वादासाठी तिची 'आयएनडीआरपी' नावाची पद्धत आहे. लवाद तीन गोष्टी बघतो. समोरचं नाव आपल्या नावाशी गोंधळ होईल इतकं सारखं आहे का, त्या नावावर समोरच्याचा काही खरा हक्क आहे का, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं किंवा वापरलं का. निकाल साधारण साठ दिवसांत यावा असा नियम आहे, गरज पडली तर तीस दिवस वाढतात. नाव रद्द होतं किंवा आपल्याकडे वळवलं जातं.

'डॉट कॉम'साठी जागतिक पातळीवरची 'यूडीआरपी' पद्धत आहे. तिथे जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका लवादाची फी १,५०० डॉलर आहे, म्हणजे लाख रुपयांच्या वर. नाव मिळतं, नुकसानभरपाई मिळत नाही. छोट्या दुकानदाराने आधी रजिस्ट्रारकडे तक्रार आणि वकिलाची नोटीस हा स्वस्त मार्ग वापरून बघावा. सुरुवातीला हजार रुपये भरून नाव घेतलं असतं तर लाखाचा प्रश्नच आला नसता.

एक सावधगिरी मात्र हवी. सारखं नाव दिसलं म्हणून प्रत्येकजण चोर नसतो. 'नूरानी' नावाचं दुकान सोलापुरातही इमानदारीने, आपल्याइतकंच जुनं चालत असू शकतं. त्याचाही त्या नावावर हक्क आहे. अशा वेळी नावापुढे गाव जोडून दोघांनी आपापला पत्ता वेगळा ठेवावा. आणि आपणही नवीन धंदा काढताना चालणाऱ्या ब्रँडचं एक अक्षर बदलून नाव ठेवू नये. रॅडिफवाल्यांनी तेच केलं होतं.

भीती विकणारेही आहेत

वेबसाइट झाली की काही ई-मेल येऊ लागतात. "दुसऱ्या देशातली एक कंपनी तुमचं नाव नोंदवतेय, तुम्हाला वाचवायचं असेल तर आजच पैसे भरा." किंवा नूतनीकरणाचं बिल येतं, पण ते आपल्या रजिस्ट्रारचं नसतं. अशा पत्रांना उत्तर देऊ नका, त्यातली लिंक उघडू नका. आपल्या रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः जाऊन तारीख बघा.

या जुम्यापर्यंत एवढं करा

डोमेन असेल तर ते कुणाच्या नावावर आणि कोणत्या तारखेपर्यंत आहे ते बघा. नसेल तर वेबसाइट आज काढायची नसली तरी नाव घेऊन ठेवा. जुन्या बिलांची फाईल लावा. आपल्या नावाची सगळी स्पेलिंगं गूगलवर टाकून काय निघतं ते पाहा आणि दर महिन्याला पुन्हा पाहा. घरातला जो पोरगा किंवा पोरगी मोबाईलमध्ये हुशार आहे, तिच्याकडे हे काम द्या. पण नोंदणी अब्बांच्या किंवा फर्मच्या नावावर आणि पासवर्ड घरच्या वहीत.

धंद्याचं नाव ही मागच्या पिढीने सोपवलेली अमानत असते. दुकानाचं शटर रोज रात्री आपण स्वतः ओढून कुलूप तपासतो. मोबाईलवरच्या या दुसऱ्या दुकानाचं कुलूपही अधूनमधून ओढून बघा.